चार बोटं उजवीकडे

मंगळवार, ९ एप्रिल
सकाळी, कारखान्यातल्या माझ्या टेबलावरून

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी आणि वहिनींची तब्येत बरी असेल. तुझं पत्र पोचलं.

ही चार वाक्यं मी एकवीस वर्षं लिहीत आलेय, त्यामुळे आता हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही. पुढे काय लिहायचं ते मात्र कालपासून जमवतेय. तीन कागद फाडून झाले. आमचे हे म्हणाले, "अगं, भावालाच लिहितेयस ना? कोर्टात अर्ज करत असल्यासारखी काय बसलीस!" मी त्यांना चहा करायला पाठवलं.

हे पत्र वहिनींनाही वाचायला दे. म्हणून कामाचं जिथे येईल तिथे सोपं करून लिहिते. तुला ते सगळं माहीत आहे, तेव्हा तू हसू नकोस.

आधी भिंगरीचं सांगते. एकोणीस वर्षांची झाली तुझी लेक, तरी मी भिंगरीच म्हणणार. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि ती माझ्या ओढणीत तोंड लपवून बसली होती. काल दुपारी आमच्या जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि दारात ही उंच मुलगी उभी. खांद्यावर पिशवी, हातात तुझं पाकीट. म्हणाली, "आत्या, मी आले. बाबांनी सांगितलंय, दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही, फक्त तुझ्याकडे. म्हणतात, आत्याच्या हातची रेष कधी वाकडी जात नाही."

दादा, मी तिला बस म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. आत मी बराच वेळ उभी होते. तिला वाटलं असेल आत्या विहीर खणतेय.

मग तिला कारखाना दाखवला. तू येऊन किती वर्षं झाली, तुलाही सांगते, फारसं बदललेलं नाही. तीच दुसऱ्या मजल्यावरची लांब खोली, सहा टेबलं, चपला बाहेर, आणि उन्हाळ्यातही पंखा बंद, कारण धूळ उडाली की दिवस वाया. खोलीच्या त्या टोकाची भिंत अजून काळीच आहे. तिच्यासमोर वरून पांढरा दोरा सोडलाय, खाली पितळी ओळंबा, आणि ओळंबा तेलाच्या वाटीत बुडवलेला, म्हणजे तो हलत नाही. इथे बसणारं कुठलंही भिंग, कुठलीही रेष त्या दोऱ्याला विचारल्याशिवाय पक्की करायची नाही, हा आमच्या वस्तादांचा नियम. वस्ताद गेले, नियम आहे. पोरीने त्या दोऱ्याकडे पाहून विचारलं, "एवढ्या यंत्रांच्या खोलीत हे गवंड्याचं काय?" मी म्हटलं, "सगळ्यात शहाणं यंत्र तेच आहे."

वहिनींसाठी लिहिते: बंदुकीवरच्या दुर्बिणीत डोळा लावला की नेम धरायला ज्या रेषा दिसतात, त्यांना आम्ही रेटिकल म्हणतो. त्या दुर्बिणीच्या पोटात एका चकतीएवढ्या काचेवर कोरलेल्या असतात. तीस वर्षं मी त्या कोरतेय आणि बसवतेय. आणि तुला खरं सांगते, अजून मन भरलेलं नाही.

भिंगरीला मी आधी कपाटातलं जुनं यंत्र दाखवलं. वस्तादांच्या तरुणपणातलं. तेव्हा काचेवर रेषा कोरत नसत, कोळ्याचा धागा ताणून बसवत. वस्ताद लाकडी खोक्यात कोळी पाळायचे, त्यांना माश्या घालायचे आणि बायकोची बोलणी खायचे. धागा एका काट्यावर गुंडाळायचा, वाफेवर धरायचा म्हणजे तो ताणला जातो, आणि मग कड्यावरच्या बारीक खाचेत अलगद ठेवायचा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ते म्हणाले होते, "श्वास धर. तुझ्या श्वासाचा भार त्याला सोसायचा नाही." माणसाचा केस उभा चिरून त्याचे पंधरा भाग केले तर एक भाग त्या धाग्याएवढा होईल. मी तो यंत्रात बसवला, डोळा लावला, आणि समोरच्या टेकडीवर तो धागा असा आडवा आला की टेकडी त्याच्यावर टेकलीय असं वाटावं. मला रडू आलं होतं. वस्तादांनी पाठ फिरवली, म्हणाले, "येतं. पहिल्या वेळी सगळ्यांना येतं."

मी पोरीला त्यात बघायला सांगितलं. खिडकीतून लांब ती पाण्याची टाकी आहे ना, तिच्या शिडीवर कुणी रंग देत होता. नुसत्या डोळ्याला तो मुंगीएवढाही दिसला नसता. भिंगरीने डोळा लावला. मग हळूच म्हणाली, "आत्या, तो माणूस इथे आत आहे की तिथे लांब आहे?"

मी म्हटलं, "दोन्हीकडे. पुढचं भिंग त्या टाकीचं चित्र आत आणून ठेवतं, बरोबर धाग्यावर. धागा पुढे असता किंवा मागे असता, तर तुझं डोकं हललं की तोही टाकीवरून सरकला असता. हलवून बघ डोकं."

तिने हलवलं. धागा जागचा हलला नाही. रंगाऱ्याचा ब्रश त्या धाग्यावरून वर खाली जात होता. तिने डोळा काढला तेव्हा तो ओला होता. मी वस्तादांसारखी पाठ फिरवली. पोरगी आपल्यातली आहे, दादा. हे तुला आधी सांगायचं होतं.

मग आम्ही तिच्या दुर्बिणीसाठी रेषा निवडायला बसलो. मी तिच्यासमोर सगळ्या तऱ्हा मांडल्या. जिच्यात बाहेर जाड आणि मध्ये बारीक रेषा असतात ती बघून म्हणाली, "ही अंधुक उजेडात चांगली, पण माझ्या कामाला जाड आहे." बरोबर. टिंबटिंबांची दिली, तर टिंबं मोजत बसली. शेवटी झाडासारखी, जिच्यात खाली फांद्याफांद्यांवर खुणा असतात ती दिली. बघून म्हणाली, "अगं बाई, ह्यात तर लग्नाची यादी लिहिलीय! लक्ष्य कुठे गेलं?" मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्मा वर करून पाहिलं.

अंतर ठाऊक नसेल, घाईत वरखाली नेम धरायचा असेल, तर त्या खुणा कामाच्या. तुमच्या नेमबाजीच्या मैदानात अंतर ठाऊक असतं. तीनशे मीटर म्हणजे तीनशे, सहाशे म्हणजे सहाशे. तिथे लांब जाताना गोळी जेवढी खाली येते तेवढी दुर्बिणीवरची चकती मोजून फिरवायची आणि नेम मधोमध धरायचा. त्याला बारीक फुली आणि मध्ये एक टिंब, बस. तेही असं बसवायचं की चित्र मोठं केलं तरी रेष जाड होत नाही, नाहीतर ऐन वेळी रेषच लक्ष्य झाकून टाकते. मी हे सगळं बोलत होते आणि तुझं पत्र अजून उघडलं नव्हतं. मला वाटलं, झालं काम, आता पोरीला जेवू घालावं.

तेव्हा ती म्हणाली, "पण आत्या, मला त्यात एक टिंब जास्तीचं हवंय. डावीकडे. सहाशेला चार बोटं होतील एवढ्यावर. बाबांनी पत्रात माप लिहिलंय."

मी विचारलं, "चार बोटं डावीकडे कशाला?"

"आमच्या घरचा हात आहे ना. सहाशेला उजवीकडे ओढतो. बाबांचा ओढायचा, माझाही ओढणार. म्हणून बाबा म्हणतात, आधीच चार बोटं डावीकडे धरायचं. मागच्या महिन्यात शिबिरात पहिल्यांदा सहाशेला गेले, तसंच धरलं, तर दहाच्या दहा गोळ्या चार बोटं डावीकडे गेल्या. बाबा म्हणाले, अंदाजाने धरलंस, चारऐवजी आठ बोटं धरली गेली तुझ्याकडून. अंदाज नको, खूण हवी. अठ्ठावीस तारखेला संघाची निवड आहे, तोवर खूण मिळाली तर ठीक. नाहीतर ते मला सहाशेला उभं राहू देणार नाहीत. म्हणाले, मी जे भोगलं ते तुला नको."

हे ती हसत हसत सांगत होती. एखादीने आमच्या घरी सगळ्यांनाच चष्मा लागतो म्हणावं तसं.

मग मी तुझं पत्र उघडलं. तीन ओळींची खुशाली, मग माप, आणि शेवटी तू लिहिलं आहेस: "माझा दोष पोरीत उतरला आहे. तुझी रेष तेवढी तिला वाचवू शकेल."

तिला मी म्हटलं, गुरुवारी ये, तयार ठेवते. ती तिच्या मैत्रिणीकडे उतरली आहे. ती गेल्यापासून कामातून उठून उठून मी ह्या कागदाशी येऊन बसतेय.

दुपारी, त्याच टेबलावरून

जेवायला सगळे गेले आहेत. आता लिहिते.

दादा, तुला तो कागद आठवतो? तुझ्या निवडीचा. तेव्हा नियम असा होता की दहाही गोळ्या झाल्याशिवाय कागद बघायला मिळायचा नाही. तीनशेला तू सगळ्यांच्या पुढे होतास. मग सहाशे. संध्याकाळी तू घरी आलास आणि सहाशेचा कागद माझ्यासमोर टाकलास. दहा भोकं, सगळी दहाच्या वर्तुळाच्या उजवीकडे, चार बोटं. तुझे प्रशिक्षक म्हणाले होते, ऐन वेळी बंदुकीचा घोडा झटकतोस, उजवीकडे ओढतोस. तू ते खरं मानलंस.

मी त्या कागदाकडे पाहिलं. ती दहाही भोकं एका चहाच्या बशीत मावत होती. हात झटकला असता तर ती चहूकडे पसरली असती. इतकी जवळजवळ, आणि सगळी मिळून बाजूला, असं हाताने होत नाही. असं दुर्बिणीने होतं. हे मला वस्तादांनी पहिल्या वर्षी शिकवलं होतं. आणि ती दुर्बीण माझ्या हातची होती.

आठवड्याने तू ती मला आणून दिलीस. म्हणालास, "तुझ्याकडे ठेव. ह्यात काही खोट नाही, खोट माझ्यात आहे." मी मान हलवली. दादा, मी मान हलवली.

तू गेल्यावर मी ती दोऱ्यासमोर लावली. उभी रेष दोऱ्यावर बसवली आणि चकती फिरवायला लागले. चित्र दोऱ्यावरून सरळ खाली वर जायला हवं. ते दोरा सोडून चाललं. दीड अंश. रेषांची काच मी दीड अंश कललेली बसवली होती. वहिनी, शिडी भिंतीला थोडी तिरकी लावली तर पहिल्या पायरीवर काही कळत नाही, पण शेवटच्या पायरीवर गेलं की खिडकी हाताला लागत नाही, तसं. आपल्या गावच्या मैदानात तेव्हा शंभरच होतं. शंभरला तू सुईच्या नेढ्यातून गोळी काढायचास. चकती जितकी जास्त फिरवावी तितकी गोळी बाजूला जाते, म्हणून तीनशेला फरक एका बोटाचा. सहाशेला चार.

कशी बसवली ते सांगते. निवडीच्या तीन दिवस आधीची दुपार. माझी पहिली दुर्बीण, सबंध माझ्या एकटीच्या हातची, आणि ती तुला द्यायची म्हणून मी जमिनीवर नव्हते. त्या दिवशी तेलाची वाटी घासायला नेली होती, त्यामुळे ओळंबा डोलत होता, थांबेचना. तू खाली रस्त्यावर येऊन उभा होतास, शिटी वाजवत होतास. मला धीर निघाला नाही. मी दुर्बीण खिडकीकडे वळवली आणि समोरच्या इमारतीच्या कोपऱ्याला रेष लावली. चार मजली, नवी कोरी, धारदार कोपरा. ती सरळ नसेल हे कुणाच्या मनात येईल? काच पक्की केली आणि जिना उतरत पळत आले. तू दुर्बिणीला हात लावलास आणि म्हणालास, "आता आकाशातला तारा पाडतो बघ."

तुझा कागद बघितल्यावर मी त्या खिडकीत दुसरा ओळंबा धरला. तो स्थिर झाल्यावर एक डोळा मिटून पाहिलं. दादा, ती अख्खी इमारत कललेली आहे. दीड अंश. अजून उभी आहे, लोक राहतात, गॅलरीत कपडे वाळतात, आणि समोरची सगळी गल्ली तिलाच सरळ समजून चालते. इतकी मोठी गोष्ट वाकडी असते आणि एक सुताचा दोरा ती दाखवून देतो, ह्याचं मला त्या दिवशी जे वाटलं ते अजून जात नाही. भीतीच म्हण. पण नुसती भीती नव्हे.

आणि मग मी जे केलं ते ऐक. इमारतीला रेष लावली ही घाई होती, चूक होती. तिला कदाचित तूही हसून सोडलं असतंस. पण मी ती दुर्बीण उघडली, काच दोऱ्यावर सरळ करून बसवली, आणि डब्यात ठेवून दिली. कुणी तपासली असती तर त्यात काही खोट सापडली नसती. मी पुरावा पुसून टाकला. तुला सांगायचं रोज ठरवलं आणि रोज मूग गिळून बसले. वस्ताद काय म्हणतील, नोकरी जाईल, तू काय म्हणशील. मग तू बंदूक पेटीत बंद केलीस, आणि आता सांगून काय होणार असं मी स्वतःला सांगत राहिले. तुझ्या घरी येणं टाळलं. तुला वाटलं, हरलेल्या भावाची बहिणीला लाज वाटते. वहिनींनी एकदा तसं लिहिलं होतं. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही.

घरात साधा फोटो लावायचा तरी मी ओळंबा काढते. हे मला हसतात. मीही हसते.

तू हे सगळं सहन केलंस, एकवीस वर्षं आपल्या हाताला दोष दिलास, इथवर मी माझ्या जिवाला समजावत आले होते. पण तो दोष तू पोरीला शिकवलास. ती चार बोटं डावीकडे धरते आणि बरोबर चार बोटं डावीकडेच लावते, दादा. दहाच्या दहा! तिच्या हातात खोट असती तर असं झालं असतं का? ती जिथे बघते तिथेच तिची गोळी जाते. असा हात मी दुसरा एकच पाहिलाय.

तू मागितलेलं टिंब मी कोरणार नाही. तिला साधी फुली देतेय, मध्ये एक टिंब. दोऱ्यावर तीनदा लावून पाहिली, आणि शेजारच्या बाईंना वेगळी तपासायला लावली, माझ्यावर विश्वास नको म्हणून. तिला एवढंच सांग की जिथे दिसतं तिथे मार.

तिला मी काही बोललेले नाही. आधी तुला कळायला हवं. नंतर तिला तू सांग, नाहीतर मला बोलाव, मी तुझ्यासमोर सांगेन.

गुरुवारी ती दोन डबे घेऊन येईल. नव्या डब्यात तिची दुर्बीण. जुन्यात तुझी. आज सकाळी मी ती पुन्हा उघडली. खिडकीत गेले, त्याच इमारतीच्या त्याच कोपऱ्याला रेष लावली आणि काच पक्की केली. जशी तुला दिली होती अगदी तशी, दीड अंश.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. एक दोरा टांग, खाली जड काहीतरी बांध, वाटीत तेल घे, आणि बघ. मग पेटी उघड. ती जुनी दुर्बीण चढव, सहाशेला उभा राहा आणि नेम मधोमध धर. डावीकडे काही धरू नकोस. हात पूर्वीसारखा नसेल, भोकं थोडी पसरतील. पण जमतील चार बोटं उजवीकडेच. ती मोज. ती चार बोटं माझी आहेत, तुझी कधीच नव्हती.

मग अठ्ठावीस तारखेला पोरीला सहाशेला उभी कर. मला ये म्हणालास तर येईन. नाही म्हणालास तर त्या दिवशी मी इथे ह्या काळ्या भिंतीसमोर बसेन.

वहिनींना नमस्कार. त्या पत्राचं उत्तर हेच.

ज्या दिवशी ओळंब्याची वाट पाहिली नाही, त्या दिवसापासून तुझ्यासमोर सरळ उभी राहू न शकलेली,
तुझी धाकटी